जिना डावीकडे की उजवीकडे? इमारतीतून बाहेर पडण्याचा नकाशा नीट कसा काढावा

पुण्यातल्या एका सोसायटीत फायर ड्रिल होतं. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या भिंतीवर चांगला रंगीत, लॅमिनेशन केलेला नकाशा लावला होता. भोंगा वाजला तशा एक आजी घरातून बाहेर आल्या. मुलीकडे महिनाभरासाठी आलेल्या, रोजची ये-जा लिफ्टने. त्या नकाशासमोर थांबल्या, हिरव्या बाणावर बोट ठेवलं आणि डावीकडे चालू लागल्या. डावीकडे मीटर रूमचं कुलूपबंद दार होतं. जिना त्यांच्या उजव्या हाताला, जेमतेम दहा पावलांवर. "अगं, चित्रात तर इकडेच दाखवलंय ना?" त्यांनी मला विचारलं, आणि त्यांचं बरोबर होतं. चित्रात तसंच दाखवलं होतं.

ए आणि बी या दोन्ही विंग आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट बांधल्या होत्या. नकाशा ए विंगचा होता आणि त्याच्याच प्रती काढून बी विंगमध्ये लावल्या होत्या. खाली सही, शिक्का, तारीख सगळं व्यवस्थित होतं.

इमारतींचे आराखडे काढणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातही हा इव्हॅक्युएशन प्लॅन मला सगळ्यांत जोखमीचा वाटतो, कारण तो वाचणारा माणूस घाबरलेला असतो, डोळ्यांत धूर गेलेला असतो आणि त्याच्याकडे पाच-सात सेकंद असतात. त्याने मनातल्या मनात नकाशा फिरवून पाहावा अशी अपेक्षा ठेवताच येत नाही. ते फिरवणं आपण आधीच करून ठेवायचं. सोसायटीच्या कमिटीतले लोक, छोट्या रुग्णालयांचे व्यवस्थापक, क्लास चालवणारे शिक्षक अशा कुणालाही हे काम स्वतः करता येईल किंवा निदान करवून घेता येईल, अशा बेताने खाली लिहिलं आहे.

आधी चाला, मग काढा

सोसायटीच्या फाईलमधून मंजूर नकाशाची प्रत काढा. नसेल तर आर्किटेक्टकडून किंवा महापालिकेतून मिळवा. एका मजल्याचा प्लॅन एथ्रीवर छापून घ्या, लाल पेन आणि टेप घ्या आणि वॉचमनला सोबत घेऊन गच्चीपासून खाली यायला लागा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत यांत फरक निघतोच. पॅसेजला कुणीतरी सेफ्टी डोअर लावून दोन फूट जागा आत घेतलेली असते. जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट असतं. दुसऱ्या जिन्याचं तळमजल्यावरचं दार पार्किंगमध्ये उघडतं आणि त्याच्यासमोर स्कूटर उभी असते.

प्रत्येक दार स्वतःच्या हाताने उघडून पाहा. ते कुठल्या दिशेने उघडतं, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, हे लाल पेनाने लिहा. घरांच्या दारांपासून जिन्याच्या दारापर्यंत पावलं मोजा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात निवासी इमारतीसाठी आगीला टिकणाऱ्या बांधकामात बाहेरच्या सुरक्षित वाटेपर्यंतचं अंतर ३० मीटरपर्यंत धरलं आहे. एकाच बाजूने बंद असलेला पॅसेज शाळा, रुग्णालय, सभागृह यांत ६ मीटरपेक्षा आणि इतरत्र १५ मीटरपेक्षा लांब नसावा असंही त्यात आहे. यापेक्षा जास्त भरलं तर तो नकाशाचा प्रश्न राहत नाही. फायर कन्सल्टंटला बोलवा. चुकीची रचना सुबक चित्रात झाकू नका.

हेच चालणं एकदा रात्री, पॅसेजचे दिवे बंद करून करा. मोबाईलचा टॉर्चही नको. कुठे हात भिंतीला लागतो, कुठे पायरी अचानक येते, इमर्जन्सी लाईट खरोखर लागतो का, हे तेव्हाच समजतं. मी भिंतीवर हात ठेवून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजते. धुरात वाकून चालणाऱ्या माणसाला 'डाव्या हाताचं तिसरं दार' एवढीच माहिती उपयोगी पडते, म्हणून माझ्या नकाशात प्रत्येक दार दिसतं, अगदी डक्टचं, म्हणजे तारा-पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचंसुद्धा.

कुठून बाहेर काढायचं, हे ठरवा

कागदावर दोन जिने असले तरी दोन्ही सारखे नसतात. बाहेरच्या हवेला लागून असलेला, खिडक्या असलेला जिना एक. आणि लिफ्टच्या पोटात, इलेक्ट्रिक डक्टशेजारी असलेला दुसरा. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी इलेक्ट्रिक डक्टमधला धूर मजल्यांवर पसरला आणि नऊ जण गेले. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आग तळघरात होती, पण वरच्या मजल्यांवर झोपलेले रुग्ण धुराने दगावले. बळींचा आकडा नव्वदच्या घरात गेला. ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो आणि तो डक्टमधून, लिफ्टच्या शाफ्टमधून, उघड्या ठेवलेल्या फायर डोअरमधून चढतो. म्हणून पहिला मार्ग म्हणून डक्टपासून लांबचा जिना दाखवायचा आणि जवळचा पण धुराच्या वाटेवरचा जिना दुसरा मार्ग म्हणून. काही कमिट्यांना हे पटत नाही, 'जवळचा तो पहिला' असं त्यांचं म्हणणं असतं. चार पावलं जास्त पडली तरी चालतील, असं मी त्यांना प्रत्येक वेळी सांगते.

गच्चीचा बाण काढू नका, अग्निशमन अधिकाऱ्यांनी तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच काढा. धूर वर जातो आणि गच्चीला बहुधा कुलूप असतं. साधारण २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेला सुरक्षित भाग, असतो. तो कुठल्या मजल्यावर आहे हे प्रत्येक मजल्याच्या नकाशावर लिहा, फक्त त्या मजल्याच्या नाही. सातव्या मजल्यावरच्या माणसाला 'रेफ्युज एरिया: आठवा मजला' हे कळायला हवं. तिथे कुणी जिम किंवा कपडे वाळत घालायच्या दोऱ्या थाटल्या असतील, तर त्या निघाल्याशिवाय नकाशा छापू नका.

खाली उतरल्यावर जमण्याची जागा ठरवायची. ती मुख्य फाटकाजवळ नको, कारण अग्निशमनाची गाडी तिथेच वळणार, होज तिथेच पसरणार. वरून काचा पडतात, त्यामुळे इमारतीच्या भिंतीलाही चिकटून नको. मंदिरासमोरचा कट्टा, क्लब हाऊसमागची बाग असं लोकांच्या तोंडात असलेलं नाव द्या. 'असेंब्ली पॉइंट क्रमांक २' हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

काय ठेवायचं, काय काढून टाकायचं

आर्किटेक्टचा प्लॅन तसाच छापला की त्यात फर्निचर, मापं, कॉलमचे क्रमांक, बीमच्या तुटक रेषा, टाइल्सची जाळीसुद्धा येते. ते सगळं पुसा. घराच्या आतल्या खोल्याही पुसा. फक्त फ्लॅटची बाहेरची भिंत, दार आणि क्रमांक ठेवा. पॅसेज आणि जिना पांढरा, फ्लॅट फिकट राखाडी, भिंती जाड काळ्या. एवढं केलं की अर्धा नकाशा आपोआप वाचता येतो.

रंगांचं अंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे, त्यात आपली कला नको. बाहेर पडण्याची वाट आणि दारं हिरवी. आग विझवण्याची साधनं लाल: सिलिंडर, होज रील (पाण्याच्या नळीचं चाक), फायर अलार्मचं बटण. 'आपण येथे आहात' हा ठिपका निळा. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष आपल्या इमारतीतही असतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. वाटेवर ठळक बाण हवेत आणि साधनांवर चिन्ह हवं.

चिन्हं आयएसओ ७०१० या मानकातली घ्या. दारातून धावणारा हिरवा माणूस सगळ्यांनी मॉलमध्ये, विमानतळावर पाहिलेला असतो. त्याचा जन्म जपानमधला. ओसाकाच्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या १९७२ च्या आगीत ११८ जण गेले, पुढच्या वर्षी कुमामोटोतल्या दुकानात पुन्हा तसंच घडलं, आणि बाहेर पडण्याची खूण अक्षरं न वाचताही कळावी या विचाराने पुढे स्पर्धा घेऊन डिझायनर युकिओ ओटा यांच्या हाताखाली ही आकृती तयार झाली. मराठी, हिंदी, बंगाली, नेपाळी बोलणारी माणसं आपल्या प्रत्येक इमारतीत राबतात. अक्षरांच्या आधी चिन्ह बोललं पाहिजे.

चिन्हांची यादी कागदाच्या कडेला द्या, पण त्या मजल्यावर जी साधनं खरंच आहेत तेवढ्यांचीच. तयार साच्यातली वीस चिन्हं तशीच ठेवली तर माणूस नसलेलं स्ट्रेचर शोधत बसतो.

सूचना चार-पाच, त्याही छोट्या. एका रुग्णालयात मला हे वाक्य दिसलं होतं: 'आपत्कालीन प्रसंगी उद्वाहनाचा वापर करणे कटाक्षाने टाळावे व निर्धारित निर्गमन मार्गाचा अवलंब करावा.' त्या जागी आता आहे: 'लिफ्ट वापरू नका. हिरव्या बाणाने जिन्याकडे जा.' बाकीच्या ओळी अशा:

'अलार्मचं बटण दाबा. १०१ ला फोन करा.'
'दार उघडण्याआधी हाताने चाचपा. गरम असेल तर उघडू नका.'
'धूर असेल तर वाकून, भिंतीच्या कडेने चला.'
'बाथरूममध्ये लपू नका.'

शेवटची ओळ मी आवर्जून घालते. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत चौदा जण गेले, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे, दार लावता येतं, म्हणून माणूस तिकडे वळतो. हॉटेल आणि सभागृहाच्या नकाशात तर स्वच्छतागृहाला ठळक रंग देऊच नका. फिकट राखाडीत मिटवून टाका.

नकाशा भिंतीप्रमाणे फिरवा

आता मुख्य काम. नियम एका ओळीचा आहे: नकाशा वाचताना ज्या बाजूला तोंड असतं, ती बाजू कागदाच्या वर.

एक मजला डोळ्यांसमोर आणा. लांब लॉबी पूर्व-पश्चिम. लिफ्ट उत्तरेच्या भिंतीत. मोठा जिना पश्चिम टोकाला, दुसरा पूर्व टोकाला. आर्किटेक्टच्या कागदावर उत्तर वर, म्हणजे मोठा जिना डावीकडे.

लिफ्टशेजारच्या भिंतीवर हा कागद जसाच्या तसा लावला तर बरोबर आहे. तिथे वाचणाऱ्याचं तोंड उत्तरेला आहे आणि पश्चिम खरोखरच त्याच्या डाव्या हाताला आहे. पण लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याचं तोंड दक्षिणेला असतं, त्याला समोरची भिंत आधी दिसते, म्हणून कमिटी नकाशा समोरच लावते. आता जिना त्याच्या उजव्या हाताला आहे आणि कागदावर डावीकडे! या भिंतीसाठी प्लॅन अर्धा फेरा फिरवायलाच हवा, म्हणजे दक्षिण वर आणि मोठा जिना उजवीकडे. पूर्वेच्या टोकाच्या भिंतीवर लावायचा असेल तर पाव फेरा, पूर्व वर.

म्हणजे एका मजल्यावर तीन जागी नकाशा लावणार असाल, तर तीन वेगळे नकाशे. आठ मजल्यांना चोवीस. छपाईवाला 'एकाच डिझाईनच्या प्रती काढल्या तर स्वस्त पडेल' म्हणतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. आजकाल एक-एक प्रत डिजिटल छापून मिळते, फरक फारसा पडत नाही.

फिरवताना तीन गोष्टी सांभाळा. प्लॅन फिरवल्यावर फ्लॅटचे क्रमांक आणि अक्षरं पुन्हा सरळ करा. डोकं खाली करून कुणी वाचणार नाही. दुसरी गोष्ट, 'फिरवणं' आणि 'उलटवणं' वेगळं. सॉफ्टवेअरमध्ये रोटेटच्या शेजारीच मिरर असतं. मिरर केलेला नकाशा दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि डावं-उजवं पूर्ण चुकवतो. काचेच्या दारावर आतून चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मचंही तेच होतं, बाहेरून ती उलटी दिसते. तिसरी, उत्तरेचा बाण नकाशाबरोबर फिरवा, किंवा खरं तर काढूनच टाका. पळणारा माणूस उत्तर शोधत नाही.

उलट्या बांधणीच्या विंगसाठी ए विंगचा प्लॅन मिरर करून बी विंगचा काढायचा मोह होतो. भिंती जुळतात, पण होज रील, डक्टचं दार, मीटर रूम कंत्राटदाराने सोयीने हलवलेली असते. बी विंग पुन्हा चालून या. त्या आजींच्या सोसायटीत आम्ही तेच केलं. सहाव्या मजल्यावर होज रील ए विंगच्या मानाने पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

निळा ठिपका नेमका त्या भिंतीसमोर पडला पाहिजे, लॉबीच्या मध्यावर अंदाजाने नाही. नकाशा बरोबर फिरवला असेल तर वाचणाऱ्याच्या पाठीमागचं सगळं ठिपक्याच्या खाली येतं, आणि समोरची भिंत ठिपक्याच्या लगेच वर. छपाईआधीची ही सगळ्यांत झटपट तपासणी आहे. खालच्या कोपऱ्यात संपूर्ण आवाराचं छोटं चित्र द्या: इमारत, जमण्याची जागा, फाटक. तेही त्याच दिशेने फिरवलेलं.

कागद, उंची, उजेड

एथ्रीपेक्षा लहान नको. हॉटेलच्या किंवा रुग्णालयाच्या एका खोलीपुरता असेल तर एफोर चालतो. अंधारात चमकणारा फोटोल्युमिनेसंट पत्रा चांगला, पण तो दिवसभर उजेड पीत असेल तरच रात्री चमकतो. कायम अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचे पैसे वाया. साधा छापणार असाल तर मॅट लॅमिनेशन घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबचं प्रतिबिंब पडून नेमका ठिपका दिसत नाही. फ्लेक्स नको, दोन वर्षांत हिरवा रंग फिका पडतो.

उंचीसाठी ऑस्ट्रेलियाचं मानक मी वापरते: जमिनीपासून १२०० ते १६०० मिलिमीटर. व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल असं खालचं टोक धरा. पॅसेजमध्ये सताड उघड्या राहणाऱ्या दाराच्या फळीवर नकाशा लावू नका, दार फिरलं की नकाशाही फिरतो. हॉटेलच्या खोलीतल्या दाराचं वेगळं, ते आतून बंद असतानाच वाचलं जातं. नोटीस बोर्डावर तर मुळीच नको. पाणीकपातीच्या सूचनेखाली महिनाभरात झाकला जातो.

तीन माणसांना विचारा

चोवीस प्रती छापण्याआधी एक साध्या कागदावर छापून त्या भिंतीवर चिकटवा. इमारत ठाऊक नसलेली तीन माणसं बोलवा: एखादा कुरिअरवाला, कुणाकडे आलेले पाहुणे, शाळेतलं मूल. त्यांना समजावून सांगू नका. फक्त म्हणा, "आग लागली आहे, कुठे जाल ते हाताने दाखवा." तोंडी उत्तर नको, हातच हवा, कारण 'जिन्याकडे' हे उत्तर सगळेच देतात. दहा सेकंदांत हात बरोबर दिशेला गेला नाही, तर चूक नकाशाची. मुलं नकाशावर कुठे अडखळतात ते नीट पाहा. मोठी माणसं न कळलेलंही कळल्यासारखं दाखवतात, मुलं सरळ विचारतात.

मग ड्रिल. निदान एकदा तरी पहिल्या मार्गावर आडवी खुर्ची ठेवून 'इथे धूर आहे' म्हणा आणि लोक दुसऱ्या बाणाकडे वळतात का बघा. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांची यादी आणि त्यांना आणणारी दोन-दोन नावं वॉचमनच्या केबिनमध्ये हवीत. ती नकाशावर छापू नका, कुणाच्या घरी एकटं वृद्ध माणूस आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची गरज नाही.

लावल्यानंतर

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला बी फॉर्म म्हणतो तो, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस सिलिंडर तपासत मजल्या-मजल्यावर फिरत असतोच. त्याच दिवशी कमिटीतल्या एकाने नकाशाची प्रत हातात घेऊन त्याच्यासोबत फिरावं. सिलिंडर हलला असेल, पॅसेजमध्ये नवं ग्रील आलं असेल, तर तिथेच लाल पेनाने खूण करून तो मजला पुन्हा छापायला द्यावा. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात महिना-वर्ष छापा, म्हणजे जुना कुठला ते लगेच कळतं.

आणि रंगकाम. दर चार-पाच वर्षांनी पॅसेज रंगवायला निघतात, रंगारी सगळे नकाशे काढून एका कोपऱ्यात थप्पी लावतो आणि शेवटी हाताला येईल तो, दिसेल त्या भिंतीवर ठोकतो. इतकी फिरवाफिरव करून केलेलं काम एका दुपारीत उलटं होतं. त्यामुळे लावण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने ठळक लिहून ठेवा: 'बी विंग, मजला ४, लिफ्टसमोरची भिंत.' आणि तीच ओळ भिंतीवर नकाशाच्या खालच्या कडेला छोट्या पत्र्याच्या पट्टीवर स्क्रूने बसवा, जी रंगाऱ्याला काढावी लागणार नाही.